तीनशे सायकली, ओला रस्ता आणि रेनकोटचा प्रश्न

पत्र

नमस्कार. मी 41 वर्षांची आहे, चिंचवडला राहते. दीड वर्षापासून हायब्रिड सायकल चालवते. रविवारी 40-50 किलोमीटर होतात. जुलैच्या तिसऱ्या रविवारी निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून लोणावळा आणि परत अशी मोठी राइड आहे. सुमारे 90 किलोमीटर, तीनशेच्या आसपास लोक. पैसे भरून झालेत. पण एवढ्या गर्दीत मी कधी चालवलेली नाही आणि मुसळधार पावसात तर मुळीच नाही. सासूबाई म्हणतात, "हौसेला मोल नसतं, पण हाडांना असतं." सायकलला केबलचे डिस्क ब्रेक आहेत, टायर 38 मिलिमीटरचे. मला चष्मा आहे. रेनकोट कोणता घेऊ? पावसासाठी खोल नक्षीचे जाड टायर टाकू का? आणि मुळात जाऊ की नको?

– एक वाचक, चिंचवड

उत्तर

नमस्कार.

सासूबाईंचं वाक्य आम्ही जपून ठेवलं आहे. रेनकोटचं उत्तर मात्र शेवटाकडे देऊ, कारण भिजून कुणाचं हाड मोडत नाही. मोडतं ते पुढच्या सायकलच्या फार जवळ असल्यामुळे. तुमच्या पत्रात टायर आहे, चष्मा आहे, रेनकोट आहे; अंतराबद्दल एक शब्द नाही. तिथूनच सुरुवात करू.

ताशी 25 किलोमीटरला सायकल सेकंदाला सात मीटर जाते. पुढे काहीतरी झालंय हे डोळ्यांना कळून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे सात मीटर गेले. रिम ब्रेक (चाकाची धातूची कड, म्हणजे रिम, दाबणारा) असेल तर रबराला आधी रिमवरचं पाणी पुसावं लागतं. त्यात चाकाचे दोनेक फेरे जातात, आणखी चार मीटर. त्यानंतर खरा ब्रेक लागतो आणि ओल्या डांबरावर न घसरता थांबायला अजून दहाएक मीटर लागतात. झाले वीस-एकवीस मीटर. वेग 40 असेल तर हाच हिशेब चाळीस मीटरवर जातो. पुढचा सायकलस्वार नीट ब्रेक लावून थांबला तर त्यालाही थांबायला जागा लागते, म्हणून तुम्हाला थोडी सूट मिळते. पण तो पांढऱ्या पट्ट्यावर घसरला तर तो ब्रेक लावून थांबत नाही, जागच्या जागी आडवा होतो. तेव्हा पूर्ण हिशेब तुमच्या अंगावर.

तुमच्याकडे डिस्क आहेत, त्यामुळे पाणी पुसण्यातले ते चार मीटर बहुतेक वाचतात. ही चांगली गोष्ट आहे आणि गर्दीत थोडी धोक्याचीही. तुम्ही झटकन थांबाल. तुमच्या मागे रिम ब्रेकवाला असेल तर तो थांबणार नाही. म्हणून गटात डिस्कवाल्यानेही ब्रेक लवकर आणि हळू लावायचा, आणि लावण्याआधी मोठ्याने "स्लो" म्हणायचं. कोरड्या दिवसात हाताने खुणा करतात ते ठीक. पावसात दोन्ही हात हँडलवर हवेत, खुणा आवाजाने. "खड्डा", "स्लो", "स्टॉपिंग", "मागून गाडी" एवढे चार शब्द पुरतात. पावसाच्या आवाजात ऐकू जात नाही, तेव्हा लाजत म्हणू नका, ओरडा.

अंतर मोजायची सोपी युक्ती: पुढचा सायकलस्वार किलोमीटरच्या दगडापाशी किंवा एखाद्या खांबापाशी आला की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" असं मनात म्हणा. तीन पुरे व्हायच्या आत तुम्ही तिथे पोहोचलात तर जवळ आहात. उतारावर पाच मोजा. कुणी म्हणेल, एवढ्या अंतराने वाऱ्याचा आडोसा मिळत नाही. नाहीच मिळत. पावसात पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवण्यात आडोशापेक्षा त्याच्या मागच्या चाकाचा चिखल जास्त मिळतो, थेट डोळ्यांत.

दुसरी गोष्ट, तुमचं पुढचं चाक कुणाच्याही मागच्या चाकाच्या बाजूला येता कामा नये. दोन चाकं एकमेकांना घासली की पुढचा बहुधा वाचतो आणि मागचा पडतो. कोरड्या रस्त्यावर अशी चूक कधी कधी खपून जाते, ओल्यावर नाही. आणि डबकं दिसलं म्हणून अचानक बाजूला वळू नका. मागचा माणूस तुमच्या सरळ रेषेवर भरवसा ठेवून असतो.

सुरुवातीला कुठे उभं राहायचं? मागे. तीनशे माणसं एकाच वेळी निघतात तेव्हा पहिल्या पाच किलोमीटरमध्ये सगळ्यांना आपण स्पर्धेत असल्यासारखं वाटतं; हात गार, ब्रेक ओले, उत्साह भरपूर. झेंडा पडल्यावर पाच-सात मिनिटं थांबून निघा. देहूरोड येईपर्यंत गर्दी आपोआप विरळ झालेली असेल.

आता ब्रेक. केबलवर चालणाऱ्या बहुतेक डिस्क ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो, तो रोटरला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या तबकडीला, दाबून दुसऱ्या, स्थिर पॅडवर टेकवतो. तेलाच्या ब्रेकमध्ये पॅड झिजतात तसे आपोआप पुढे सरकतात. तुमचे सरकत नाहीत. चिखलाच्या पावसात पॅड इतके झपाट्याने झिजतात की सकाळी घट्ट असलेला लिव्हर साठ किलोमीटरनंतर हँडलला टेकायला लागतो. म्हणून राइडच्या आठवडाभर आधी टॉर्च घेऊन, पॅड ज्यात बसतात त्या कॅलिपरच्या फटीत बघा. धातूच्या पट्टीवर घासणाऱ्या मसाल्याचा जो थर आहे, तो एटीएम कार्डाच्या जाडीइतकाच उरला असेल तर बदला. कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं. तेवढा थर कोरड्या महिन्यात चालला असता, एका ओल्या रविवारी कदाचित चालणार नाही. दुकानात रेझिन (राळेत बांधलेले) आणि सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) असे दोन प्रकार मिळतात. पावसासाठी सिंटर्ड घ्या: आवाज जास्त करतात, पण टिकतात. आधी रोटर बघा. त्यावर "रेझिन पॅड ओन्ली" असं कोरलेलं असेल तर रेझिनच घ्यावे लागतील.

नवे पॅड घालून थेट राइडला जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर ताशी वीसचा वेग घ्या आणि चालण्याच्या वेगापर्यंत ठाम ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका, चाक लॉक करू नका. असं वीसएक वेळा करा. तेव्हा कुठे पॅड आणि रोटर एकमेकांना धरतात.

मग जुळवणी. चाकाच्या बाजूचा स्थिर पॅड त्याच्या स्क्रूने रोटरला जेमतेम घासेपर्यंत आत घ्या आणि घासणं थांबेल इतपतच मागे सोडा. बाहेरच्या पॅडचं अंतर केबलच्या बॅरल ॲडजस्टरने, म्हणजे केबल ताणायच्या, हाताने फिरणाऱ्या नळीने. लिव्हर अर्ध्या वाटेवर घट्ट व्हायला हवा. पुष्कळ जण सगळी ढील बॅरलनेच भरून काढतात. तसं केलं की कॅलिपरचा दांडा आधीच अर्धा ओढलेला राहतो आणि ब्रेकची ताकद कमी होते. आतला पॅड कोणत्या अॅलन कीने किंवा टॉर्क्सने फिरतो ते घरी बघून ठेवा आणि तीच की बरोबर घ्या. लोणावळ्याला थांबाल तेव्हा दोन्ही लिव्हर दाबून बघा, गरज असेल तर तिथेच पाव फेरा द्या. हे दोन मिनिटांचं काम परतीच्या वाटेवर फार उपयोगी पडतं.

परतीवर आमचा भर का, तेही सांगतो. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. लोणावळ्याकडे जाताना तो समोरून लागेल, तुम्ही सोळा-सतराने जाल आणि वैतागाल. येताना तोच पाठीशी. फारसा जोर न लावता वेग 28-30 होईल आणि तो वेग अंगाला जाणवणारही नाही, कारण तोंडावर वारा नाही. पाय थकलेले, पॅड झिजलेले, बोटं सुरकुतलेली आणि नऊ-साडेनऊनंतर पर्यटकांच्या गाड्यांची रांग. कामशेतच्या खिंडीचा उतार येताना जसा दिसतो तसा जाताना दिसला नव्हता. सायकलवर स्पीडोमीटर असेल तर परतीत त्याच्याकडे बघत जा. तिथे तो खरोखर कामाचा आहे.

ब्रेक लावण्याची पद्धत: दोन्ही एकत्र, हळूहळू घट्ट करत. "पावसात पुढचा ब्रेक लावूच नये" असं सांगणारे भेटतील, ऐकू नका. थांबवण्याचं मोठं काम ओल्यातही पुढचाच ब्रेक करतो, फक्त तो झटक्याने लावायचा नाही. मागचं चाक घसरलं तर ब्रेक सोडा, सरळ होतं. पुढचं घसरलं तर सावरायला वेळ नसतो. म्हणून वळणावर ब्रेक नाही; जो काही वेग कमी करायचा तो वळणाआधी, सायकल सरळ असताना. वळताना बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली, वजन त्यावर आणि सायकल नेहमीपेक्षा कमी झुकवायची.

रस्त्याबद्दल. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, तेव्हा राइड जुन्या महामार्गानेच जाईल. त्यावर पाणी सगळीकडे असलं तरी घसरडं सगळीकडे नसतं. घसरतात ते पांढरे-पिवळे पट्टे, विशेषतः गतिरोधकाआधीचे उंचवट्याचे पट्टे, पुलांवरच्या सांध्यांचं लोखंड, गटारांची झाकणं, आणि कडेचे शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, ज्यांवर लोक चहासाठी उतरतात आणि थांबता थांबता पडतात. पेट्रोलपंपाच्या आणि बसथांब्याच्या तोंडाशी डिझेलचा रंगीत तवंग असतो. चार दिवस उघडीप पडून मग पाऊस आला असेल तर पहिला अर्धा-पाऊण तास सगळ्यात वाईट, कारण साचलेलं तेल आणि धूळ तेव्हा वर येते. सलग दोन दिवस धो-धो कोसळलेल्या पावसाने रस्ता त्या मानाने धुऊन काढलेला असतो.

मावळात जुलै म्हणजे भातलावणी. चिखलणी करून निघालेले ट्रॅक्टर शेताच्या फाट्यावरून महामार्गावर चढतात आणि पन्नासएक मीटरपर्यंत चिखलाचे गोळे टाकत जातात. कान्हे फाटा ते कार्ला फाटा या पट्ट्यात प्रत्येक कच्च्या फाट्यापाशी थोडं सावध व्हा. त्या चिखलावर ब्रेक नाही आणि वळणही नाही. आधी वेग कमी करून, हँडल सरळ धरून पार.

डबक्यातून जाऊ नका, कारण पाण्याखाली दोन इंच आहे की फूटभर ते वरून कळत नाही. चुकवता आलंच नाही तर पॅडल मारणं थांबवा, दोन्ही पाय समपातळीत ठेवून सीटवरून किंचित उठा, कोपरं सैल, ब्रेक नाही. रस्त्यावरून वाहतं पाणी असेल तर मात्र नियम एकच: त्यात शिरायचं नाही. घोट्याच्या थोडं वर, साधारण 15 सेंटीमीटर खोल पण जोरात वाहणारं पाणी उभ्या माणसाचे पाय काढून घेतं. महामार्गावर असं क्वचित होईल. परंतु कुणी "आतल्या रस्त्याने शॉर्टकट आहे" म्हणत इंद्रायणीवरच्या एखाद्या बुटक्या फरशी-पुलाकडे वळलं तर त्याच्या मागे जाऊ नका.

टायर बदलू नका. खोल नक्षी पाणी कापते हा समज मोटारीवरून आला आहे. मोटारीचं रुंद टायर पाण्याच्या थरावर तरंगू शकतं. सायकलचं अरुंद, जास्त दाबाचं टायर 50 पीएसआय दाबाला तरंगायला ताशी शंभराच्या वर वेग लागेल. पकड ठरते ती रबराच्या मऊपणावर आणि हवेवर. तुमच्या 38 मिलिमीटरच्या टायरमध्ये एरवी 55 भरत असाल तर 45 वर आणा. वजन साठच्या आसपास असेल तर एवढं पुरतं, सत्तरच्या वर असेल तर 50. टायरच्या कडेला किमान दाबाचा आकडा छापलेला असतो. त्याच्या खाली जायचं नाही, नाहीतर खड्ड्याच्या धारेवर ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात. गाड्यांच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरली तर नंतर गेज लावून बघा; त्यांचा हात सढळ असतो. टायरच्या मधल्या भागावर रबर चपटं झालं असेल किंवा आतलं कापड दिसत असेल तर मात्र नवं टायर घ्या, त्याच जातीचं.

पंक्चर पावसात जास्त होतात. पाणी काचेला आणि तारेला वंगण देतं, ओलं रबर सहज कापलं जातं, आणि रस्त्यावरचा सगळा कचरा वाहून कडेला जातो. म्हणून अगदी कडेने नाही, पांढऱ्या पट्टीच्या आतून फूट-दीड फूट. दोन ट्यूब घ्या. पॅच आणि सोल्यूशन घ्यायला हरकत नाही, पण ओल्या ट्यूबवर ते चिकटत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. ट्यूब बदलताना टायरच्या आतून कापडाचा तुकडा फिरवा. ट्रकच्या टायरमधली केसाएवढी तार बोटाला लागत नाही, कापडाला अडकते. ती न काढता नवी ट्यूब घातली की दोन किलोमीटरवर तीही गेली.

चेनला आदल्या रात्री "वेट" प्रकारचं तेल द्या. प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, चेन दहा-पंधरा वेळा उलटी फिरवा, मग बाहेरून फडक्याने कोरडी पुसा. शिलाई मशीनचं तेल तळेगावपर्यंत धुऊन जातं आणि इंजिन ऑइल वाळू गोळा करतं. तेल देताना रोटरवर जुना टी-शर्ट टाका. रोटरला तेलाचा एक शिंतोडा लागला तरी ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. लागलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड, बोट लावायचं नाही.

मागचं मडगार्ड हवं, आणि पूर्ण लांबीचं. सीटखाली अडकवायची ती छोटी प्लास्टिकची पट्टी तुमची पाठ वाचवते; मागच्याच्या तोंडावर चिखल जातोच. लांब मडगार्ड मिळालं नाही तर जाड प्लास्टिकच्या फाइलचा तुकडा कापून केबल टायने खालच्या टोकाला बांधा, जमिनीपासून वीतभर वर. दिसायला गचाळ दिसतं. मागे चालणारे दुवा देतात.

मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. गटात असताना स्थिर. जोरात लुकलुकणारा दिवा पावसात मागच्याला आंधळा करतो. एकट्या पडलात तर लुकलुकता ठेवा. जॅकेटच्या मागच्या टोकाखाली किंवा सीटबॅगखाली तो झाकला जात नाही ना, हे कुणाला तरी मागे उभं करून बघा. चार्जिंगच्या भोकावरचं रबर घट्ट बसत नसेल तर इलेक्ट्रिकची टेप लावा.

चष्म्याला सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे हेल्मेटखाली घालायची पुढे झाप असलेली पातळ सायकलिंग कॅप. थेंब झापेवर पडतात, काचेवर कमी. काचा आदल्या रात्री भांड्याच्या साबणाच्या एका थेंबाने चोळून, न धुता, मऊ सुती कापडाने पारदर्शक होईपर्यंत पुसा. वाफ बरीच कमी धरते. थांबल्यावर वाफ येतेच, तेव्हा चष्मा नाकावर थोडा पुढे ओढा. चष्मा काढून चालवायचा विचार करू नका, चिखलाचा एक कण डोळ्यात गेला की दोन्ही डोळे मिटतात. पुसायला कोरडा रुमाल लहान झिप पिशवीत ठेवा. जर्सीला पुसलेली काच नुसती चिखलाने माखते.

आता रेनकोट. स्कूटरवर घालतो तसला रबरी रेनकोट घालून नव्वद किलोमीटर चालवलीत तर आतून घामाने तेवढ्याच भिजाल, शिवाय तापाल. पोंचो तर नकोच, तो वाऱ्याने शीड होतो आणि चाकात जातो. जुलैत इथे गारवा असतो, थंडी नसते; चालवत असताना भिजलेलं अंग उबदार राहतं. तेव्हा अंगाला बसणारा सिंथेटिक टी-शर्ट किंवा जर्सी आणि वर पातळ, भडक रंगाचं विंडचीटर, चेन उघडता येईल असं. सुती काही नको. निगडीत रिमझिम आणि कामशेतनंतर कोसळतोय, हा त्या रस्त्याचा नेहमीचा अनुभव, त्यामुळे विंडचीटर घरापासून घालून निघू नका, खिशात ठेवा. खरी थंडी वाजते ती थांबल्यावर. लोणावळ्याला चहाच्या रांगेत पंधरा मिनिटं ओल्या कपड्यांत उभ्या राहिलात की दात वाजायला लागतात. एक कोरडा टी-शर्ट दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून न्या, पोहोचताच बदला, ओला पिळून पिशवीत. थांबा वीस मिनिटांच्या वर नको.

बुटांवर कव्हरं वगैरे घेऊ नका; पाणी वरून आत जातं आणि मग बाहेर पडत नाही. जाळीचे बूट, पातळ मोजे. हातमोजे पूर्ण बोटांचे आणि सिंथेटिक, कारण ओल्या उघड्या बोटांत लिव्हर निसटतो. पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालू नका, आणि मांड्यांच्या घडीत व्हॅसलीनचा जाडसर थर द्या. ओलं कापड आणि पाच तास म्हणजे सोलून निघणं आलंच. हे कुणी बोलत नाही, पण पावसात राइड अर्धवट सोडण्याचं पाय दुखण्याइतकंच मोठं कारण हे असतं.

फोन झिप पिशवीत, जर्सीच्या खिशात. स्क्रीनवर थेंब असताना बोट चालत नाही, म्हणून आयोजकांच्या मदतगाडीचा नंबर आणि घरचा एक नंबर बॉलपेनने कागदावर लिहून दुसऱ्या झिप पिशवीत ठेवा, सोबत पाचशे रुपये सुट्टे. आपत्कालीन 112 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे लक्षात राहतातच.

पावसात तहान लागत नाही, घाम मात्र येतो. तासाला 400-500 मिलिलिटर पाणी ठरवून प्या. बाटलीचं तोंड आधी पुसा: मागचं-पुढचं चाक त्यावर जे उडवतं त्यात शेण असतं. झाकणवाली बाटली मिळाली तर उत्तम, नाहीतर तोंडावर छोटी पिशवी आणि रबरबँड. खायला दर पाऊण तासाला एक केळं किंवा चार-पाच खजूर, किंवा गुंडाळी केलेली अर्धी पुरणपोळी. राजगिऱ्याचा लाडू दमट हवेत लगद्यासारखा होतो. लोणावळ्याची चिक्की घरच्यांसाठी आणा, चालवताना चावत बसायची ती वस्तू नव्हे.

जावं की नाही? एक अट घालतो. त्याआधी एकदा मुद्दाम पावसात, याच कपड्यांत, याच टायरने 25-30 किलोमीटर चालवा, दोघी-तिघी मिळून, आणि मोकळ्या जागी वीस वेळा ब्रेक लावून बघा. ते जमलं तर जा. ती फेरी झाली नाही तर पैसे गेले असं समजा.

शनिवारी संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा पाहा, पण पुणे शहराचा नव्हे, पुण्याच्या घाटभागाचा. तो वेगळा दिलेला असतो. खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार, त्यापुढे 204.4 पर्यंत अतिजोरदार, आणि त्याहून वर अत्यंत जोरदार. पिवळा इशारा असेल तर तयारीनिशी जा. नारिंगी असेल तर आयोजकांना अंतर कमी करणार का विचारा आणि स्वतःपुरतं कामशेतहून परत फिरायचं ठरवून निघा. लाल असेल तर घरी. पहाटे पुढच्या तीन तासांचा अंदाजही बघा. मार्ग छोटा करणं हा कमीपणा नाही: ऑगस्ट 2014 मध्ये राइडलंडनच्या शंभर मैलांच्या राइडवर वादळी पाऊस आला तेव्हा आयोजकांनी दोन टेकड्या वगळून ती 86 मैलांची केली, आणि हजारो लोकांनी तेवढीच केली.

वाटेत परत फिरण्याच्या खुणा: थरथर थांबत नाही, ब्रेकचा लिव्हर एका बोटाने ओढवत नाही, शंभर मीटर पुढची गाडी दिसत नाही, किंवा ढग गडगडू लागले. गडगडाट असेल तर झाडाखाली नाही, पक्क्या इमारतीत. मागून येणाऱ्या आयोजकांच्या गाडीत सायकल चढवता येते, आणि लोणावळा-पुणे लोकल कामशेत, वडगाव, तळेगावला थांबत तुमच्या चिंचवडलाच येते. वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवा.

पडलात आणि खरचटलं तर पिण्याच्या पाण्याने लगेच धुवा, घरी साबणाने पुन्हा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. उघड्या जखमेसह साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं असेल तर लेप्टोस्पायरोसिसबद्दलही विचारा, ताप यायची वाट न बघता.

घरी पोहोचल्यावर आधी तुम्ही कोरड्या व्हा, पण सायकल दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. बादली, मग आणि भांड्याचा साबण. सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा बेअरिंगमधलं ग्रीस काढून पाणी आत घालतो. चेन फडक्याने ओढत कोरडी करा, तासभर वाळू द्या, मग तेल. पॅडची जाडी पुन्हा पाहा. आणि सीट किती उंच आहे तिथे टेपची खूण करून सीटपोस्ट बाहेर काढा, सायकल उलटी करा. फ्रेममधून कपभर पाणी निघालं तर दचकू नका, मागच्या चाकाने उडवलेलं पाणी सीटच्या नळीच्या फटीतून आत जातं. रात्रभर तशीच ठेवा, सकाळी पोस्टला ग्रीसचं बोट फिरवून खुणेवर बसवा.